स्टेशनपासून चालत

डोंबिवलीत घर बघायला आलेला माणूस भाडं नंतर विचारतो. आधी विचारतो, "स्टेशनपासून किती?" उत्तर मिनिटांत द्यायचं, तेही चालत. बिल्डरांच्या जाहिरातीत हे अंतर नेहमी आखडलेलं असतं. जाहिरातीतला माणूस बहुधा सुटलेल्या गाडीमागे धावत असावा.

माझं लहानपण फडके रोडच्या मागच्या गल्लीत, एका दुमजली इमारतीत गेलं. बाबांची कचेरी फोर्टात. सकाळी डबा भरायचा, विहिरीवरचं पाणी, आमची आंघोळ, सगळं त्यांच्या गाडीच्या वेळेवर चालायचं. पण मला आठवते ती त्यांची संध्याकाळ. ते स्टेशनवरून सरळ घरी कधी आलेच नाहीत. येता येता भाजी, येता येता वाचनालयातलं पुस्तक बदलून, येता येता गिरणीतला दळणाचा डबा उचलून, चतुर्थी असेल तर गणेश मंदिरात डोकावून. आईनं त्यांना वेगळ्या कामाला घराबाहेर पाठवल्याचं मला आठवत नाही. स्टेशन ते घर या वाटेवर अख्खा संसार मांडलेला होता.

हे कुणी आखलं नव्हतं. रेल्वे 16 एप्रिल 1853 ला ठाण्याला पोचली, पुढच्या वर्षी कल्याणला. मधल्या खेड्याचं शहर फार पुढे झालं आणि ते झालं स्टेशनाला चिकटून, कारण लोकांकडे पायांशिवाय दुसरं वाहन नव्हतं. म्हणून त्याचं कौतुक फार करू नये. गटारं उघडी होती, फूटपाथ नावालाही नव्हता, आणि रुळांनी गावाचे पूर्व-पश्चिम असे दोन तुकडे केले होते ते आजही सांधलेले नाहीत. कोपर पूल दुरुस्तीसाठी 2019 ते 2021 बंद राहिला तेव्हा पश्चिमेहून पूर्वेला जाणं हा एक प्रवासच होऊन बसला होता. तरीही त्या गबाळ्या गावात एक गोष्ट साधली होती. माणूस चालत चालत आपली कामं उरकू शकत होता आणि चालताना चार ओळखीचे भेटत होते.

लग्न होऊन मी ठाण्यात नौपाड्याला आले, तेव्हा हेच पुन्हा मिळालं, जरा नीटनेटकं. माझी बँक चालत, बाजार चालत. मराठी ग्रंथसंग्रहालय, 1893 सालची संस्था, तेही चालत. गडकरी रंगायतनचं नाटक सुटलं की आम्ही तलावपाळीवरून गप्पा मारत परत यायचो. रिक्षा करावी असं मनातही येत नसे.

मग मुलं मोठी झाली, सासूबाईंना वेगळी खोली हवी झाली, आणि आम्ही घोडबंदर रोडला गेलो. ठाण्यातल्या पुष्कळ कुटुंबांची ही गोष्ट आहे. खिडकीतून येऊरचे डोंगर दिसत होते, लिफ्ट होती, बाग होती. फक्त कोथिंबिरीची जुडी आणायला स्कूटर काढावी लागत होती. स्टेशन आठ-दहा किलोमीटरवर, आणि तिथे पोचायला लागणारा वेळ मानपाडा, कापूरबावडी, माजिवडा या नाक्यांच्या मर्जीवर. रस्ता आधी झाला, टॉवर मग झाले. मेट्रोचे खांब त्यानंतर रस्त्याच्याच मधोमध उभे राहिले आणि कित्येक वर्षं रस्ताच अरुंद करून बसले. क्रम उलटा असता, आधी गाडी आणि मग वस्ती, तर कदाचित इतक्या मोटारी घेतल्याच गेल्या नसत्या. एकदा दाराशी मोटार आली की ती कुणी परत विकत नाही.

या सगळ्यात एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. घरं वाढत होती त्याच वेळी कामाच्या जागा कमी होत होत्या, आणि बरेचदा त्याच जमिनीवर. ठाण्यातला रेमंडचा कारखाना 2009 मध्ये बंद झाला, आज तिथे टॉवर आहेत. कल्याण-शीळ रस्त्यावर प्रीमियरचा कारखाना होता, नव्वदच्या दशकात तिथे प्यूजो मोटारी तयार व्हायच्या. तिथेही आता इमारती उगवल्या आहेत. आंबिवलीजवळ मोहोन्याची एनआरसी कंपनीही 2009 पासून थंड. कारखान्याची जमीन निवासी झाली की हिशेब दोन्हीकडून बिघडतो. सायकलवर कंपनीत जाणारा माणूस गेला, आणि त्याच्या जागी रोज सकाळी मुंबईची गाडी पकडणारी शेकडो कुटुंबं आली. कागदावर ही फक्त 'वापरबदलाची परवानगी' असते. फलाटावर ती गर्दी असते.

हे मान्य, की कारखान्यांशेजारी राहणंही सुखाचं नाही. डोंबिवली एमआयडीसीतले 2016 आणि 2024 चे स्फोट कुणी विसरलेलं नाही. पण रसायनांची भट्टी आणि नुसत्या झोपायच्या खोल्या या दोहोंच्या मधे कचेऱ्या, कार्यशाळा, इस्पितळं, कॉलेजं असं पुष्कळ काही असतं. ते आपल्याकडे आणायचं राहून गेलं. 2011 च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवलीची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास होती. एवढ्या माणसांचा पगार निघतो कुठून, तर बहुतेक पारसिकच्या बोगद्यापलीकडून.

9 जून 2025 ला मुंब्र्याच्या वळणावर दोन गाड्या एकमेकींजवळून जात असताना दाराला लटकलेली माणसं खाली पडली आणि त्यात जीव गेले. त्यानंतर चर्चा झाली ती दारांची. दारं आपोआप बंद व्हावीत, नक्कीच व्हावीत. पण सकाळी आठ वाजता इतकी माणसं एकाच दिशेला का निघतात, हा प्रश्न रेल्वेला विचारून उपयोग नाही. त्याचं उत्तर जमिनीच्या नकाशात आहे.

माझा भाऊ कल्याण-शीळ रस्त्यावरच्या एका मोठ्या संकुलात राहतो. हा सगळा पट्टा कल्याण-डोंबिवलीलगतच्या सत्तावीस गावांच्या परिसरातला. 1983 साली ती गावं कल्याण-डोंबिवली महापालिकेत आली, 2002 मध्ये बाहेर पडली, 2015 मध्ये पुन्हा आत, आणि तिथून पुढे पुन्हा वाद. नियोजन नेमकं कुणी करायचं हेच ठरत नव्हतं, तेव्हा इमारती मात्र ठरल्याप्रमाणे उभ्या राहत होत्या. भावाच्या घराजवळ निळजे स्टेशन आहे. ते दिवा-पनवेल मार्गावर. तिथून सुटतात त्या मोजक्या मेमू गाड्या. उपनगरी लोकल त्या मार्गावर नाहीच. त्यामुळे हजारो कुटुंबं स्टेशनाशेजारी राहतात आणि गाडी पकडायला रिक्षानं डोंबिवलीला जातात.

आई आता त्याच्याकडे असते. फडके रोडला असताना सत्तरीतही ती एकटी देवळात जायची, वाटेत दोन ठिकाणी टेकायची, पेरू घासाघीस करून घ्यायची. संकुलातले रस्ते तिथल्यापेक्षा किती तरी चांगले आहेत, सावलीही आहे. पण दरवाजाबाहेर पडलं की सहा पदरी रस्ता. ती आता कुणी गाडी काढेपर्यंत थांबते. "मला कुठे जायचंय?" म्हणते, आणि खरोखरच कुठे जात नाही.

फडके रोडला न आखता जे साधलं, ते डेन्मार्कमध्ये आखून केलं. कोपनहेगनचा आराखडा 1947 साली हाताच्या पंजासारखा आखला गेला. रेल्वेच्या बोटांवर वस्ती, बोटांच्या फटींत शेतं आणि झाडी. पुढे त्यांनी नियम केला, की मोठ्या कचेऱ्या स्टेशनपासून साधारण 600 मीटरच्या आतच बांधायच्या. म्हणजे आमच्या बाबांचं चालत जायचं अंतर त्यांनी कायद्यात लिहिलं. गंमत अशी, की बोटं आपल्यालाही आयती मिळाली होती. कल्याणहून एक फाटा कसाऱ्याकडे, एक कर्जतकडे, दिव्याहून एक वसईला, एक पनवेलला. आपण फटीही भरल्या, आणि बोटांच्या पेरांवर कचेऱ्या मात्र बांधल्या नाहीत.

ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचं भूमिपूजन 18 डिसेंबर 2018 ला कल्याणात झालं. ती येईल तेव्हा येवो. पण ती आल्यावर प्रत्येक स्थानकाबाहेर नुसते पार्किंगचे मजले आणि आणखी टॉवर उभे राहिले, तर आपण लटकायला आणखी एक गाडी मिळवली एवढंच होईल. स्थानकाच्या दहा मिनिटांत शाळा, मंडई, दवाखाना, ग्रंथालय आणि थोड्या नोकऱ्या, असं आरक्षण नकाशावर आत्ताच पडायला हवं. नंतर जमीन मिळत नाही.

म्हणून एक विनंती. तुमच्या महापालिकेचा विकास आराखडा हरकती-सूचनांसाठी खुला होतो तेव्हा आपण बहुतेक जण आपल्या सोसायटीवरून रस्ता जात नाही ना, एवढंच बघतो. या खेपेला तुमचं स्टेशन शोधा, तिथून दहा मिनिटं चालल्यावर काय काय लागतं ते बघा, आणि मुदतीच्या आत एक पानभर सूचना लेखी द्या. तिची पोच घ्यायला विसरू नका.