सातवी जोडी

झेनॉन हेक्साफ्लोराइड हल्ली मी फळ्यावर काढत नाही, मुलांकडून काढून घेतो. हात थरथरतो, पाचरीची रेघ कुठली आणि तुटक कुठली, ते मागच्या बाकांना कळेनासं झालंय. एका दमात, डस्टरला हात न लावता काढलेल्या ऑक्टाहेड्रनचा मला भारी गर्व होता. खरं तर मी रसायन कमी आणि ती रेघच जास्त मिरवली.

पण हात धड होता तेव्हाही हा रेणू मला वश नव्हता. सहा फ्लोरिन आणि एक लोन पेअर, म्हणजे सात जोड्या. इलेक्ट्रॉनांच्या जोड्या एकमेकींना दूर रेटतात, या १९५७ साली गिलेस्पी आणि नायहोम यांनी मांडलेल्या नियमाने ऑक्टाहेड्रन बिघडायलाच हवा. गिलेस्पींनी तसं भाकीत केलं आणि वायुरूपात तो खरोखर बिघडलेला निघाला. लोन पेअर एका त्रिकोणी पृष्ठातून डोकावते, तिथले तीन फ्लोरिन फाकतात. पण ती एका जागी ठरेल तर शपथ! आठही पृष्ठांवर भटकते. काढायची कुठे?

आणि टेल्युरियमचा हेक्साक्लोराइड आयन? जोड्या तिथेही सातच, आकार मात्र निखळ सममित. क्लोरिन मोठे, त्यांच्या दाटीत लोन पेअरला बाहेर यायला वाव नाही, ती एस कक्षकात मुकाट राहते, असं आपण सांगतो. यंदा एका मुलीने विचारलं, "सर, वाव नाही हे आधी कसं ओळखायचं?" मी ब्रोमिन आणि आयोडिनचे हेक्साफ्लोराइड आयन पुढे केले: ब्रोमिन लहान, दाटी जास्त, म्हणून सरळ, आयोडिन मोठा, म्हणून वाकडा. ती म्हणाली, "पण हे तर उत्तर माहीत झाल्यावरचं ना?" तेव्हापासून मी तिथेच अडकलोय. किती दाटी म्हणजे दाटी, हे नियमात कुठेच नाही.

क्लासवाल्यांना ही अडचण येतच नाही. इलेक्ट्रॉन मोजा, अणू मिळवा, चार्ज बघा, दोनाने भागा, तक्त्यात बोट ठेवा. रेणू डोळ्यांपुढे आणायची गरजच नाही. संगणकवाले सहकारी तर आमच्या नियमाला पोरखेळ समजतात; ऊर्जा काढली की आकार आपसूक मिळतो म्हणतात. मिळतोही. पण पाण्याचा कोन १०९.५ऐवजी १०४.५ अंश का, असं पहिल्या वर्षाच्या पोराने विचारलं, की तेही लोन पेअरच्या रेटारेटीवरच येतात. तेव्हा मला फार बरं वाटतं. वाटू नये, पण वाटतं.