नावाची मिरास

एखाद्या पराक्रमी खेळाडूचे नाव बुटावर उमटले म्हणजे तो बूट त्याचा झाला, असा आपला सर्वसाधारण समज असतो. परंतु ज्या करारनाम्याने ते नाव तेथे येते तो पाहिला तर कारखाना दुसऱ्याचा, किंमत ठरवण्याचा अखत्यार दुसऱ्याचा, आणि खेळाडूच्या वाट्याला मेहनताना व फार तर विक्रीतला काही हिस्सा, असाच प्रकार बहुधा आढळतो. आपल्या जुन्या गावगाड्यात उपरी कूळ दुसऱ्याच्या जमिनीत घाम गाळी, पीकही उत्तम काढी, पण त्या मातीवर वंशपरंपरेचा हक्क असे तो मिरासदाराचा. 1984 साली मायकेल जॉर्डनने नाइकी कंपनीशी करार केला तेव्हापासून अमेरिकेतील बास्केटबॉलपटूंना अपार द्रव्य मिळाले हे खरे, तरी त्यांतील बहुतेकांची अवस्था, सुखवस्तू का होईना, उपऱ्याचीच राहिली. ज्यांनी मिरास मागितली अशा दोघांविषयी मला विशेष आस्था वाटते, आणि योगायोगाने ते दोघेही न्यूयॉर्कच्या निक्स संघाचे खेळाडू होते.

त्यांतला पहिला पॅट्रिक यूइंग. जमैकातील किंग्स्टन येथे 1962 साली जन्मलेला आणि कुमारवयात मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे आलेला हा सात फूट उंचीचा मुलगा पुढे जॉर्जटाउन विद्यापीठाकडून खेळला, 1984 साली विद्यापीठांचे राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकून देण्यात त्याचा मोठा वाटा होता, आणि पुढच्याच वर्षी व्यावसायिक खेळाडूंच्या निवडीत निक्सने त्याला सर्वप्रथम उचलले. आदिदासचे बूट काही वर्षे वापरल्यावर त्याने तो संबंध सोडला आणि 1989 साली नेक्स्ट स्पोर्ट्स या कंपनीच्या साहाय्याने स्वतःच्याच नावाचे बूट बाजारात आणले. त्यांतला ‘33 हाय’ हा जोड (33 हा त्याच्या गणवेशावरचा अंक) आजही पाहण्यासारखा आहे: घोट्याच्या वर चढणारा, भक्कम, घोट्याभोवती रुंद पट्टा आवळलेला, आणि कुणा कंपनीच्या चिन्हाऐवजी खेळाडूचे आडनाव मिरवणारा. प्रचंड भांडवलाच्या कंपन्यांशी टक्कर देत तो धंदा 1996 पर्यंत चालला आणि मग बंद पडला.

दुसरा स्टेफॉन मार्बरी. आणि माझे मन खरे गुंतते ते येथे. ब्रुकलिनच्या कोनी आयलंड भागातील सरकारी वसाहतीत, सात भावंडांत सहावा म्हणून तो वाढला. त्याच्या बालपणी शहरातील गरीब वस्त्यांतून बुटांचा हव्यास इतका तीव्र झाला होता की नामांकित जोडासाठी मुलांना मारहाण होई, क्वचित प्राणही जाई; आणि एवढे होऊनही किमती चढतच राहिल्या. 2006 साली हाच मार्बरी, कोट्यवधी डॉलर मिळवणारा खेळाडू, ‘स्टीव्ह अँड बॅरीज’ या स्वस्त कपड्यांच्या दुकानदारांशी हातमिळवणी करून ‘स्टारबरी’ नावाचा बूट घेऊन उभा राहिला, आणि त्याची किंमत होती 14 डॉलर 98 सेंट. त्या काळी नामांकित बुटांसाठी शंभर-दीडशे डॉलर मोजावे लागत. करारापोटी आगाऊ रक्कम न घेता त्याने आपली प्राप्ती विक्रीवर सोपवली, आणि मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या मैदानात, हजारो प्रेक्षकांसमोर, तो तेच स्टारबरी घालून उतरला. माझ्या मते या उद्योगाचे सारे तेज त्या एका कृतीत आहे. स्वस्त वस्तू गरिबांना विकणारे पुष्कळ असतात. तीच वस्तू स्वतःच्या पायात घालून, जेथे घोटा मुरगळला तर कोट्यवधींची कारकीर्द धोक्यात येईल तेथे, तिच्या गुणवत्तेला आपल्या देहाचा जामीन देणारा विक्रेता दुर्मीळ. पुढच्या वर्षी शिकागोचा बेन वॉलेस हा कसलेला बचावपटूही त्याला येऊन मिळाला.

हा उपक्रम बुडाला तो बुटांमुळे नव्हे. स्टीव्ह अँड बॅरीजने जाहिरातींवर जवळजवळ खर्च केला नाही हे शहाणपणाचे होते, परंतु नवीन दुकान उघडावे म्हणून मॉलचे मालक ज्या आगाऊ रकमा देत, त्यांवर कंपनीचा डोलारा उभा होता. कर्जबाजार आखडला, त्या रकमा आटल्या, आणि जुलै 2008 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज दाखल करण्याची पाळी आली. वर्ष संपण्यापूर्वी दुकाने मोडीत काढण्याचा निर्णय झाला. चौदा-पंधरा डॉलरांत अभिमानाने चालता येते, हे नुकतेच अनुभवलेल्या मुलांना पुन्हा त्याच महाग फळ्यांसमोर उभे राहावे लागले, याची खंत मला आजही वाटते.

मात्र दुकान गेले तरी नाव मार्बरीचेच राहिले, आणि मिरासदारीचा अर्थ येथे कळतो. 2010 च्या आरंभी तो चीनमधील शान्शी प्रांताच्या संघाकडून खेळू लागला, त्यामागे तेथे आपल्या बुटांची बाजारपेठ उभारण्याचीही आकांक्षा होती. 2012, 2014 आणि 2015 साली त्याने बीजिंगच्या संघाला अजिंक्यपदे मिळवून दिली आणि त्या नगराने त्याचा पुतळा उभारला. यूइंगच्या बुटांचेही पुनरागमन झाले: त्याचे ‘33 हाय’ 2012 मध्येच नव्याने बाजारात आले. बालपणी यूइंगचे चाहते असलेले आता स्वतः मिळवते झाले होते. आईबापांपाशी हट्ट धरूनही जो जोड त्यांतील कित्येकांना मिळाला नसेल, तो ते आता स्वतःच्या पैशाने विकत घेऊ लागले.