हसविणाऱ्याची श्रद्धा

नटांची आत्मचरित्रे वाचण्याची मला फार दिवसांची हौस आहे. त्यातही विनोदी नटाचे आत्मचरित्र हाती आले, की माझे कुतूहल दुणावते. जन्मभर इतरांना हसविणारा हा मनुष्य एकान्तात कशावर विश्वास ठेवीत असेल, हा प्रश्न मला नेहमी पडतो.

हाच प्रश्न मनात घेऊन मी अशोक सराफ यांचे ‘मी बहुरूपी’ हे पुस्तक डहाणूहून चर्चगेटकडे जाणाऱ्या लोकलमध्ये उघडले. प्रवास लांबचा आणि पुस्तक रसाळ, असा योग जुळून आला. मध्येच मला हसू आवरेना. समोर चिकूची करंडी घेऊन बसलेल्या बाईंनी पुस्तक कोणाचे म्हणून विचारले. मी नाव सांगताच त्याही हसू लागल्या. नुसत्या नावाने अपरिचिताच्या मुखावर हास्य फुलावे, ही मिळकत थोडी का आहे!

‘बहुरूपी’ हा शब्द आपल्याकडे जुना आहे. चिंतामणराव कोल्हटकरांनीही १९५७ साली आपल्या आत्मचरित्राला तेच नाव दिले होते. आमच्या पालघर जिल्ह्यात तर बहुरूप्यांची वाण नाही. जव्हार-मोखाड्याकडे बोहाड्याच्या रात्री दिवसभर शेतात राबणारा मनुष्य देवाचा मुखवटा धारण करतो आणि वाद्यांच्या तालावर नाचू लागतो. त्या मुखवट्यांची पूजा होते आणि त्याच रात्री सोंगे पाहून लोक पोट धरून हसतातही. भक्ती आणि गंमत एकाच अंगणात सुखाने नांदू शकतात, हे त्या लोकांना कोणी शिकवावे लागत नाही.

अशोक सराफ यांचा जन्म ४ जून १९४७ रोजी मुंबईत झाला. मामा गोपीनाथ सावकार हे नाट्यक्षेत्रातले जाणते दिग्दर्शक. त्यांच्या छायेत ‘ययाति आणि देवयानी’ या नाटकात विदूषकाची भूमिका या तरुणाच्या वाट्याला आली. वडिलांच्या इच्छेस मान देऊन त्यांनी स्टेट बँकेत नोकरीही धरली. दिवसा बँकेतील आकडे आणि रात्री रंगभूमी, असा दुहेरी संसार त्यांनी अनेक वर्षे केला. एवढे करूनही मोठे यश दूरच होते.

आता एक हकिकत ऐका. सराफ यांनी ती अनेकदा सांगितली आहे. १९७४ साली एक रंगभूषाकार मित्र अंगठ्यांची पेटी घेऊन आला. त्यांनी एक अंगठी उचलून बोटात घातली. ती अगदी बेताची बसली आणि तिच्यावर नटराजाची प्रतिमा होती. तीनच दिवसांनी त्यांना ‘पांडू हवालदार’ या चित्रपटासाठी बोलावणे आले. १९७५ साली तो झळकला आणि दादा कोंडके यांच्या जोडीचा हा नवा हवालदार घरोघरी पोहोचला. ती अंगठी त्यांनी पुढे बोटातून उतरविली नाही.

ही हकिकत मी तलासरीच्या एका विद्यार्थ्याला सांगितली. मुलगा हुशार, पण घरी वारली बोली बोलत असल्यामुळे त्याच्या उच्चारांना कोणीतरी हसले होते, आणि तेव्हापासून तो चारचौघांत तोंड उघडीत नसे. क्षणभर विचार करून त्याने विचारले, “गुरुजी, तशी अंगठी मला मिळेल का?”

त्या प्रश्नामागचे दुःख मला कळले. मी म्हटले, “बाळ, अंगठीनेच भूमिका मिळत असत्या, तर बाजारातला प्रत्येक सराफ नट झाला असता!” तो हसला. मग मी त्याला विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची आठवण दिली. चैत्र पौर्णिमेच्या जत्रेत आदिवासी पुजारी रात्रीच्या अंधारात उंच सुळक्यावर ध्वज चढवितो. मनात देवी असते. पण ती अवघड चढण चढणारे पाय माणसाचेच असतात. ज्या बोटात अंगठी गेली, त्या बोटाने आधी कितीतरी संहितांची पाने उलटली होती.

मग अंगठीचे काम काय? मला वाटते, ती यशाच्या घटकेला माणसाची मान लवविते. माझे सारे माझ्याच हातचे नव्हे, मित्राचे, मामांचे, प्रेक्षकांचेही त्यात देणे आहे, हे ती रोज सांगत असावी. सराफ यांचा विवाहही १९९० साली गोव्यात मंगेशीच्या देवळात, कुलदैवतासमोर झाला. विजया मेहता यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘हमीदाबाईची कोठी’ या नाटकात त्यांनी गंभीर भूमिका केली. हसविणाऱ्याला करुणेची वाट परकी नसते, हे तिथे दिसले. २०२३ सालचा महाराष्ट्र भूषण पुरस्कार आणि २०२५ साली पद्मश्री, असे मान त्यांना मिळाले.

त्या मुलाने वाचण्यासाठी ते पुस्तक माझ्याकडून नेले. आठ दिवसांनी ते परत करताना तो म्हणाला, “आपल्याला लोक हसले, तर दुःख होते. पण आपणच त्यांना हसविले, तर ते आपले होतात.” स्नेहसंमेलनातील नाटकात त्याने विदूषकाचे काम मागून घेतले आहे. देवाला नमस्कार करूनच तो रंगमंचावर जाणार आहे. मात्र त्याआधी रोज संध्याकाळी मोठ्याने पाठांतर करणार आहे.