फवारणीआधीचा आकडा

बुलढाणा
मे महिन्याचा शेवटचा आठवडा

चि. अपर्णास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. जळगाव जामोद तालुक्यातल्या उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून तू रुजू झालीस आणि पहिल्याच बैठकीत फवारणी करणाऱ्या मजुरांसाठी आपण काय करतो, असं विचारलंस, याचा आनंद वाटला. तुला मिळालेलं उत्तर मात्र मला पटत नाही. कामामुळे होणारे आजार हा कारखान्यांचा विषय, आपलं काम लसीकरण, गरोदर मातांची तपासणी, बीपी-शुगर, असं तुला सांगण्यात आलं. सांगणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसेल. पण आपल्या जिल्ह्यापुरतं तरी हे उत्तर चुकीचं आहे, आणि ते का, हे जरा सविस्तर लिहिते.

इंग्लंडात नॉर्विचच्या कोलमन मोहरी कारखान्याने १८७८ मध्ये फिलिपा फ्लॉवरडे या परिचारिकेला नेमलं. कामगारांसाठी नेमलेली तिकडची पहिली परिचारिका म्हणून तिचं नाव घेतात. ती सकाळी दवाखान्यात डॉक्टरांना मदत करी आणि नंतर आजारी कामगारांच्या घरी जाई. म्हणजे कामगारांच्या परिचर्येच्या या शाखेची सुरुवातच कारखान्याच्या फाटकाबाहेर पाऊल टाकून झाली. त्याच्याही पावणेदोनशे वर्षं आधी, १७०० साली, इटलीतल्या रामाझिनी नावाच्या वैद्याने डॉक्टरांना सांगून ठेवलं होतं, की रोग्याला नेहमीचे प्रश्न विचाराल तेव्हा ‘तू काम काय करतोस’ हाही एक विचारा. आपल्याकडे हा प्रश्न कायद्याने कारखान्यात नेऊन बसवला. १९४८ च्या कारखाने अधिनियमात ५०० हून अधिक कामगार असतील तिथे रुग्णवाहिका कक्ष आणि परिचारक कर्मचारी बंधनकारक झाले. नव्या श्रमसंहितेतही ५०० चाच आकडा कायम आहे. आता हा आकडा घेऊन बुलढाण्यात फिर. खामगाव-मलकापूरच्या औद्योगिक वसाहतींत एखाददुसरा मोठा कारखाना सापडेल. जिनिंग-प्रेसिंग आणि दालमिलमध्ये एका वेळी ५०० माणसं कुठली? जिनिंग तर हंगामी. कापसाच्या धुळीने छाती भरलेला मजूर हंगाम सरला की गावी जातो, आणि त्याचा खोकला त्याच्याबरोबर जातो. ऑगस्ट २०२१ मध्ये सिंदखेडराजा तालुक्यात समृद्धी महामार्गाच्या कामावरचे १३ मजूर गेले. लोखंडी सळयांनी भरलेल्या ज्या वाहनातून त्यांना नेलं जात होतं, तेच उलटलं. तेही कारखान्यात नव्हते. आणि घाटावर काय, घाटाखाली काय, जिल्ह्यातली बहुतेक कष्टकरी माणसं शेतात राबतात. त्यांच्यासाठी हे ५०० चं कलम नसल्यातच जमा. त्यांच्या सर्वांत जवळ असलेली प्रशिक्षित परिचारिका म्हणजे उपकेंद्रातली. इथल्या शेतमजुराची व्यावसायिक आरोग्य परिचारिका तूच. तुझ्या नेमणुकीच्या कागदावर ते लिहिलेलं नाही, एवढंच.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळमध्ये काय झालं ते तू शिकत असताना वाचलं असशील. फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात आले. त्या वर्षी कपाशीची पऱ्हाटी माणसाच्या डोक्यापर्यंत वाढली होती. फवारा खाली जाण्याऐवजी तोंडासमोर उडत होता. जोरदार फेकणारे चिनी पंप आले होते, आणि बोंडअळीच्या धास्तीने एकाच टाकीत दोन-तीन कीटकनाशकं मिसळली जात होती. नंतर काही कीटकनाशकांच्या विक्रीवर ६० दिवसांची बंदी आली. ती यवतमाळपुरती न ठेवता अमरावती विभागातल्या पाचही जिल्ह्यांत घातली गेली, म्हणजे बुलढाण्यातही. धोका इथेही तोच आहे हे सरकारने त्या आदेशात मानलंच होतं. तरीही त्या प्रकरणाची सगळी चर्चा रुग्णालयातल्या खाटा, व्हेंटिलेटर, विक्रेत्यांचे परवाने आणि अंगावर घालायचे किट यांभोवतीच फिरली. रुग्णालयात पोहोचण्याआधीच्या आठवड्यांत त्या माणसांच्या शरीरात काय चाललं होतं, याची नोंद ठेवायची कुणी, हा प्रश्न बाजूलाच राहिला. मला तुझ्याशी बोलायचं आहे ते त्या आठवड्यांबद्दल.

ऑर्गनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं, म्हणजे मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस वगैरे, ॲसिटिलकोलिनेस्टरेज हे विकर निकामी करतात, हे तुला माहीत आहे. लाळ, घाम, आकसलेल्या बाहुल्या, भरून येणारी छाती ही सगळी शेवटच्या टप्प्याची लक्षणं. त्याआधी हे विकर हळूहळू घटत जातं. लाल पेशींतलं विकर एकदा गेलं, की रोज जेमतेम एक टक्का या गतीने भरून येतं. सोमवारी फवारलं, गुरुवारी दुसऱ्याच्या शेतात, पुढच्या आठवड्यात तिसऱ्याच्या, असं चाललं तर भरपाईला सवडच मिळत नाही. या काळात मजुराला होतं काय? डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, डोळ्यांपुढे धूसर दिसतं, घाम फुटतो. आपल्याकडच्या सप्टेंबर-ऑक्टोबरच्या उन्हात ही तक्रार कुणीही ‘ऊन लागलं’ किंवा ‘उपाशीपोटी गेला होता’ म्हणून सोडून देईल. तो मजूरही तेच म्हणेल. लक्षणं विचारून ऊन आणि विष या दोन्हींत फरक करणं निष्णात डॉक्टरलाही अवघड आहे. फरक सांगतो तो रक्तातल्या या विकराचा आकडा. आणि तो आकडा एकटा असून भागत नाही. निरोगी माणसांतही या विकराची पातळी इतकी वेगवेगळी असते, की एखाद्याचं तिसरा हिस्सा विकर गेलं तरी प्रयोगशाळेच्या कागदावर तो ‘नॉर्मल’ दिसू शकतो. त्या माणसाचा स्वतःचा, फवारणी सुरू होण्याआधीचा आकडा हाताशी असेल तरच नंतरच्या आकड्याला अर्थ येतो. हा पहिला आकडा घ्यायचा तर त्याआधी साधारण महिनाभर त्या विषाशी संबंध नको. आपल्याकडे अशी उसंत उन्हाळ्यातच मिळते. मृगाचा पाऊस झाला, पेरणी उरकली, जुलै उजाडला, की पंप पाठीवर चढतात. म्हणून हे पत्र घाईने लिहिते आहे.

ही माझ्या मनातली कल्पना नाही. कॅलिफोर्नियात १९७० च्या दशकापासून अशी देखरेख चालत आली आहे. तिथे ३० दिवसांत सहा दिवसांहून जास्त अशी जहाल कीटकनाशकं हाताळणाऱ्याचा आधी मूळ आकडा घेतात. मूळच्या ८० टक्क्यांखाली पातळी गेली की तो काम कसं करतो ते तपासतात. लाल पेशींतलं विकर ७० टक्क्यांवर किंवा रक्तद्रवातलं ६० टक्क्यांवर आलं, की त्याला फवारणीवरून काढून दुसऱ्या कामाला लावतात, आणि पातळी पुन्हा ८० टक्क्यांवर आल्याशिवाय परत पाठवत नाहीत. अमेरिकेचं उदाहरण जळगाव जामोदला कशाला, असं कुणी म्हणालंच तर आपल्याच १९७१ च्या कीटकनाशक नियमांकडे बोट दाखव. फवारणीच्या कामावर असलेल्यांची कामापूर्वी आणि निदान वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी व्हावी, तिची नोंदवही ठेवावी, असं त्यांत लिहिलेलं आहे. दरमहा कोलिनेस्टरेज मोजण्याची सक्ती मात्र कीटकनाशक बनवणाऱ्या कारखान्यातल्या कामगारांपुरती. म्हणजे बंद यंत्रावर काम करणाऱ्याचं रक्त महिन्याला तपासायचं, आणि गळक्या पंपाने पाठ भिजवून घेणाऱ्याचं वर्षाला, तेही कुणी मनावर घेतलं तर. पन्नास वर्षांहून जुना हा नियम शेतापर्यंत पोहोचला नाही, कारण पोहोचवणारं माणूसच ठरलेलं नव्हतं. रोजंदारीवर एका मजुराला बोलावणारा तीन एकरवाला शेतकरी त्याची वैद्यकीय तपासणी करवून नोंदवही ठेवेल, ही अपेक्षाच भाबडी आहे.

आता आक्षेपांकडे येते. सगळ्यात आधी किटचा मुद्दा निघेल. मास्क, चष्मा, हातमोजे दिले तरी हे लोक घालत नाहीत, मग आपण काय करणार? वऱ्हाडातल्या दमट उकाड्यात प्लास्टिकचा अंगरखा घालून पाठीवर १५-२० लिटरचा पंप घेऊन दिवसभर कुणी चालून दाखवावं. तो घातला तर विषाऐवजी उष्माघात. तुझ्या भागात तर खारपाणपट्टा. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगावकडच्या किडनीच्या तक्रारी जुन्या आहेत, तिथे घामाने शरीर आटवणं हा स्वतंत्र धोका आहे. कामाच्या सुरक्षिततेचा अभ्यास करणारे सगळेच अंगावरचं साधन शेवटच्या क्रमांकाला ठेवतात. आधी जहाल विष टाळायचं, मग काम करण्याची रीत बदलायची, आणि मग हातमोजे. सकाळी लवकर फवारणं, वाऱ्याकडे पाठ ठेवणं, काठीने ढवळणं, गळका पंप आधी दुरुस्त करणं, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, काम संपताच साबणाने अंघोळ, ते कपडे घरच्या धुण्यात न मिसळणं, हे सगळं किटपेक्षा जास्त पाळलं जाईल, आणि त्याने फरकही पडेल. रीत सुधारली की नाही हेही पुन्हा आकडाच सांगेल.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. आकडा घसरला म्हणून तू मजुराला सांगशील, पंधरा-वीस दिवस फवारू नको. त्याची मजुरी कोण भरून देणार? फवारणीला निंदणीपेक्षा जास्त पैसे मिळतात आणि हंगाम थोड्याच आठवड्यांचा असतो. याचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही, आणि ते आहे असं भासवून तुला गावात पाठवणं बरं नव्हे. पण थोडं तरी हातात आहे. फवारणारे बहुधा दोघातिघांच्या जोडीने काम धरतात. त्यांच्यातच पाळी बदलता येते, ज्याचा आकडा घसरला त्याने इतर काम करायचं, पंप दुसऱ्याने घ्यायचा. आकडा मात्र मजुराचा आहे, शेतकऱ्याचा नव्हे. तो चावडीवर गेला, तर पुढच्या वर्षी त्या माणसाला कुणी कामावर बोलावणार नाही, आणि मग तपासणीला कुणी येणारही नाही. शेतकऱ्याला कळावं ते इतकंच, की याला काही दिवस पंप देऊ नका. आणि शेतकऱ्याशी बोलताना आवाजात आरोप नको. तो गिरणीमालक नाही. कित्येकदा स्वतःचं शेत तोच फवारतो, आणि त्याचंही नाव तुझ्या वहीत हवं.

नोंदीचा आणखी एक उपयोग आहे. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा योजनेत जंतुनाशक हाताळताना झालेली विषबाधा धरली जाते आणि मृत्यूनंतर दोन लाख रुपये मिळतात. पण लाभार्थी खातेदार शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातला एक सदस्य. ज्याच्या नावावर सातबाराच नाही असा मजूर त्यातून सुटतो, आणि दिवसभर परक्याच्या शेतात पंप मारणारा बहुतेकदा तोच असतो. विषबाधेच्या घटना कळवणं बंधनकारक करण्याचा अधिकार १९६८ च्या कीटकनाशक कायद्याने राज्य सरकारला दिलेला आहे. पण कळवायला आधी कुणीतरी लिहून ठेवलं पाहिजे. ज्याची नोंद नाही त्याच्यासाठी योजना बदला असं मागायचं तरी कशाच्या जोरावर?

तिसरी शंका तू स्वतःच लिहिली आहेस, आणि ती बिनतोड आहे. आता वापरात असलेली बरीच कीटकनाशकं या गटातली नाहीतच. पायरेथ्रॉइड, निओनिकोटिनॉइड आणि यवतमाळला गाजलेलं डायफेनथियुरॉन यांचा धोका कोलिनेस्टरेजमध्ये दिसत नाही. मान्य. म्हणूनच आकड्याच्या शेजारी दोन रकाने हवेत, काय फवारलं आणि काय त्रास झाला. डबा किंवा लेबल घेऊन येण्याची सवय गावाला लागली तर रुग्णालयातल्या डॉक्टरचा वेळ वाचेल. कारण ऑर्गनोफॉस्फेटच्या रुग्णाला ॲट्रोपिन जीवदान देतं, आणि दुसऱ्याच विषाच्या रुग्णाला भरमसाट दिलं तर घात करतं. एका तपासणीने सगळे धोके दिसत नाहीत, म्हणून जो दिसतो तोही पाहायचा नाही, असं मात्र होऊ नये.

राहिला कामाच्या बोज्याचा प्रश्न. आशाताई तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा जो फॉर्म भरतात, त्यात पिकांचे अवशेष जाळणं, वीटभट्टी, धूर-धूळ-वायू असलेलं काम यांबद्दल विचारलेलं असतं. फवारणीची ओळ तिथे हाताने जोडायला नवा कर्मचारी लागत नाही. बायकांना मात्र वेगळं विचार. पंप त्यांच्या पाठीवर नसतो म्हणून ‘फवारता का’ याला त्या ‘नाही’ म्हणतील. पाणी आणून द्रावण कालवणाऱ्या त्या, सकाळी फवारलेल्या वावरात दुपारी निंदणीला वाकणाऱ्या त्या, आणि फवारणीचे कपडे धुणाऱ्याही त्याच. त्यातल्या गरोदर बाया तुझ्या यादीत आधीच आहेत. त्यांचा आकडा वाचताना एक ध्यानात ठेव, गरोदरपणात रक्तद्रवातलं हे विकर विष न लागताही कमी होतं, तेव्हा त्यांच्या बाबतीत लाल पेशींतलंच मोज.

सुरुवात एकाच गावापासून कर. ज्यांच्या पाठीवर हमखास पंप असतो अशा वीस-पंचवीस जणांची नावं आशाताई बसल्या बसल्या सांगतील. रक्ताचे नमुने कुठे तपासले जातील हे जिल्हा रुग्णालयाच्या प्रयोगशाळेला लेखी विचार. बोटाच्या थेंबावर तपासणी करणारी फिरती उपकरणंही मिळतात, ती घेता येतील का हेही त्याच पत्रात येऊ दे. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या नावे मसुदा कर, त्यात १९७१ च्या नियमाचा उल्लेख पहिल्या परिच्छेदात असू दे आणि मागणी पहिल्या पावसाआधीची. लिहिलास की मला पाठव, मी वाचून दुरुस्त्या सुचवते.

घरी सर्वांना नमस्कार.

तुझी,
आत्या