सोयरीक

इतिहासाच्या टिपणासाठी मी भोसले, सिंदखेडचे जाधव आणि फलटणचे निंबाळकर यांच्या वंशावळी एकाच कागदावर मांडायला घेतल्या. बापलेकांच्या रेघा सरळ खाली उतरत गेल्या. तिन्ही घराणी जोडायची वेळ आली, तेव्हा हाती उरल्या फक्त बायका. शहाजीराजांची आई निंबाळकरांची, त्यांची सून सईबाईही निंबाळकरांचीच. आणि सईबाईंची लेक सखूबाई पुन्हा मामाच्या, बजाजींच्या घरी, महादजींना दिलेली. जिजाबाई लखुजी जाधवांची लेक. १६२९ साली दौलताबादेस निजामशाही दरबारात तिचे वडील आणि भाऊ मारले गेले. ते दुःख जाधवांच्या रकान्यात लिहायचे की भोसल्यांच्या?

मग हडपसरला घरी वडिलांना आमची वंशावळ विचारली. ते पणजोबांपाशी अडले. भाजी निवडता निवडता आजी म्हणाली, "मला इचार की!" तिने सासूचे, आजेसासूचे, चुलतसासवांचे माहेर घडाघडा सांगितले : फुरसुंगी, सासवड, यवत. नावे मात्र तिलाही ठाऊक नव्हती. घरात त्यांना 'फुरसुंगीची', 'सासवडची' असेच म्हणत. मी तसेच लिहून घेतले. कागद पुरेना, म्हणून खाली दुसरा चिकटवला आहे.