मायचा अंगठा

२०१२ च्या पावसाळ्यात मायचा उजव्या हाताचा अंगठा प्रेसखाली गेला.

पुण्याच्या कडेला, एमआयडीसीच्या मागच्या अंगाला पत्र्याच्या शेडी आहेत. मोठ्या कंपन्यांचा बारका माल तिथं निघतो. मायच्या शेडीत तीन प्रेस आणि सात माणसं. बोर्ड नाही, मस्टर नाही, पगाराची चिठ्ठी नाही. माय डायवर पत्र्याची पट्टी ठेवायची, पायानं पेडल दाबायची, पंच खाली यायचा, वायसर पडायचा. दिवसभर हेच. हाताच्या पुढं जाळीचं गार्ड असतं. त्यानं माल कमी निघतो म्हणून ते काढून कोपऱ्यात टाकलेलं. त्या दिवशी मायनं पाय उचलला तरी पंच दुसऱ्यांदा खाली आला. तेवढंच झालं. तेवढ्यात सगळं झालं.

ठेकेदारानं रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. रिक्षात मायला पढवलं, "घरी दारात चेंगरला म्हनून सांग, न्हाईतर पोलिसाचं लफडं हुईल." मायच्या लुगड्याचा पदर रक्तानं भिजलेला. डॉक्टरनं विचारलं, काय झालं? माय म्हणाली, "मिशनीत गेला." डॉक्टरनं केस पेपरवर तसंच लिहिलं. माय अडाणी. पण त्या एका शब्दावर पुढं आमची केस उभी राहिली.

आता माझं सांगतो. हे लिहायला मला बरीच वर्षं लागली.

आठव्या दिवशी ठेकेदार आणि शेठचा माणूस झोपडीत आले. शंभराचा स्टॅम्प पेपर, टाइप करून आणलेला. वर लिहिलेलं की, माझ्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे इजा झाली, माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही, माणुसकी म्हणून रुपये १५,००० दिले ते पोचले, यापुढे कसलाही हक्क सांगणार नाही. मायचा उजवा हात बँडेजमध्ये. डाव्या अंगठ्याला शाई लावली. साक्षीदार म्हणून खाली सही माझी.

मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो. घरात पहिला शिकलेला. मला वाचता येत नव्हतं असं नाही. मी तो कागद वाचला होता. दोनदा वाचला. स्कॉलरशिप आली नव्हती, दवाखान्याची उधारी होती. सही केली. त्या पंधरा हजारातले दोन हजार माझ्या पुस्तकाला आणि बसच्या पासाला गेले. माय म्हणाली, "त्येंनी दिलं तरी. न देते तर काय केलं असतं?" माय त्याला उपकार समजत होती. मला तो उपकार नाही हे कळत होतं. पण काय आहे, तेही सांगता येत नव्हतं.

आमच्या वस्तीतल्या विहारात रविवारी पोरं जमायची. एका रविवारी दादानं बाबासाहेबांच्या आठवणीतला चाळीसगावचा प्रसंग वाचून दाखवला. दादा म्हणजे वस्तीतलाच एक जण, लेबर कोर्टात वकिली करतो. १९२९ साल. सरकारनं अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करायला नेमलेल्या कमिटीचे बाबासाहेब सभासद. चाळीसगाव स्टेशनवर उतरले. महारवाड्यातली माणसं न्यायला आलेली. पण अस्पृश्याचा टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार होईना. शेवटी टांगा भाड्यानं मिळाला, टांगेवाला नाही. आपल्यातलाच एक माणूस हाकायला बसला. त्याला सवय नव्हती. पुलावर टांगा उलटला, बाबासाहेब दगडावर आपटले, पाय मोडला.

दादानं विचारलं, "हा अपघात कशानं झाला?"

पोरं म्हणाली, हाकणाऱ्याला टांगा येत नव्हता म्हणून.

"मग ज्याला येत होता तो का बसला नव्हता?"

कोणीच बोललं नाही. माझ्या डोळ्यापुढं कोपऱ्यात पडलेलं गार्ड आलं. ते काढलं कुणी, आणि ते काढल्यावर त्या प्रेसपुढं बसवलं कुणाला? शेठचा भाचा त्याच शेडीत असायचा. तो टेबलावर बसायचा. प्रेसवर तीन बाया, तिघी आपल्या. मी घरी गेलो आणि पत्र्याच्या पेटीतली स्टॅम्प पेपरची झेरॉक्स काढून दादाला नेऊन दिली. वाटलं, तो आता तोंडावर थुंकेल.

दादानं वाचला आणि म्हणाला, "या कागदाला कायद्यात कवडीची किंमत नाही."

मित्रांनो, हे आपल्यापैकी कितीजणांना माहीत आहे? १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा. त्यात साफ लिहिलेलं होतं की, कामगारानं भरपाईचा हक्क सोडल्याचा करार केला तरी तो रद्दबातल. आणि बाईची एकरकमी भरपाई मालकानं परस्पर हातात द्यायचीच नाही, आयुक्ताकडं भरायची. परस्पर दिलेला पैसा भरपाईत धरला जात नाही. म्हणजे ज्या कागदापायी मी रात्र रात्र जागलो तो रद्दी होता. कायद्यानं मला सोडवलं. पण मी स्वतःला अजून पुरतं सोडवलेलं नाही. कारण सही करताना मला हा कायदा माहीत नव्हता.

आणखी एक. मालकाची चूक होती हे आपल्याला सिद्ध करावं लागत नव्हतं. काम करताना, कामामुळं इजा झाली एवढं पुरे. तेव्हा मुदत दोन वर्षांची होती. आमचे चौदा महिने गेलेले. दादानं अर्ज ठोकला. शेठ आणि ठेकेदार दोघांनाही पार्टी केलं, कारण ठेकेदाराचा माणूस असला तरी ज्याचं काम चालतं तो मूळ मालक जबाबदार.

मग त्यांचे जबाब आले. ठेकेदार म्हणाला, ही बाई माझ्याकडं कामालाच नव्हती, बहिणीला डबा द्यायला आली होती. शेठ म्हणाला, असलीच तर अर्धा दिवस यायची, महिन्याला २,५००. वर आणखी, गार्ड तिनंच मुद्दाम काढलं. हे शेवटचं उगाच नव्हतं. कामगारानं सुरक्षेचं साधन जाणूनबुजून काढलं असं ठरलं तर अशा इजेत मालक सुटू शकत होता. त्यांचा वकील कायदा वाचून आलेला. आपण वाचायचा राहतो.

मायजवळ काय पुरावा होता? दोनशे पानी वही. माझी नववीची. ठेकेदार खाडे जास्त लावायचा म्हणून माय रोज रात्री मला म्हणायची, "लिही रं, आज भरला." मी तारीख घालून एक रेघ मारायचो. उचल घेतली तर तीही लिहायचो. कंटाळून लिहायचो. कधी मायवर खेकसायचो. रोज २०० रुपये, महिन्याला २५ दिवस, म्हणजे ५,०००. तीन वर्षांच्या रेघा त्या वहीत होत्या. उलटतपासणीत शेठच्या वकिलानं विचारलं, ही वही तुम्हीच लिहिली ना? मी म्हणालो, हो. मग तुमची वही आम्ही कशी मानायची? मी म्हणालो, मग तुमची दाखवा. त्यांच्याकडं नव्हती. म्हणजे असेल, पण ती दाखवणं परवडणारं नव्हतं.

गार्डचं मात्र वहीत नव्हतं. त्याला शेजारच्या प्रेसवरची मावशी आली. पिंजऱ्यात उभी राहून म्हणाली, "म्या चार वरसं झाली तितं हाय. गार्ड कोपऱ्यातच बघितलंय. लावलेलं कवाच बघितलं न्हाई." दुसऱ्या दिवशी तिला कामावरून काढलं. मायला भरपाई मिळाली. मावशीच्या त्या रोजगाराची भरपाई कुठल्या कायद्यात नव्हती. तिला दुसरं काम मिळेपर्यंत चार महिने गेले. वस्तीनं थोडं धान्य दिलं, तेवढंच.

निकाल २०१६ साली लागला. हिशेब असा. पगाराच्या ६० टक्के म्हणजे ३,०००. मायचं वय मतदार कार्डावर ४०, त्या वयाला कायद्यातला आकडा १८४.१७. गुणाकार ५,५२,५१०. हे माणूस कायमचा पुरता निकामी झाला तर. पण कायद्याच्या परिशिष्टात अवयवांचे दर लिहिलेले आहेत. हात गेला तर ६० टक्के, अंगठा ३०, अंगठ्याजवळचं बोट १४, मधलं १२, करंगळी ७. मायचे ३० टक्के, म्हणजे १,६५,७५३ रुपये. वर अपघातापासून १२ टक्के सरळ व्याज. दवाखान्याच्या ज्या पावत्या जपल्या होत्या त्यांचे पैसे वेगळे. ज्या जपल्या नव्हत्या त्यांचे गेले.

दादानं भांडून बघितलं. एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर तुटला, तेव्हा सुप्रीम कोर्टानं सत्तरच्या दशकात म्हटलं होतं की सुताराला हा पुरता निकामी झाल्यासारखाच आहे, शंभर टक्के धरा. दादा म्हणाला, ही बाई प्रेसवर बसू शकत नाही, झाडू धरू शकत नाही, भाकरी थापू शकत नाही. पण कोर्टानं अंगठ्याचे तीसच धरले. भाकरीचा रकाना परिशिष्टात नाही.

त्या रात्री मी वहीच्या मागच्या पानावर आणखी एक गुणाकार केला. तेव्हा कायदा जास्तीत जास्त ८,००० पगार धरायचा. ८,००० वाल्याचा अंगठा, वय तेच, टक्के तेच. उत्तर आलं २,६५,२०५. अंगठा तोच. फरक जवळजवळ एक लाखाचा. म्हणजे ज्याला रोज कमी दिलं, त्याचा अंगठासुद्धा कमी किमतीचा. जिवंतपणी मजुरीत लुटलं, तीच लूट गुणाकारात पुन्हा उतरली. २०२० पासून ती मर्यादा १५,००० झाली. पण ज्याचा पगार कुठं लिहिलेलाच नाही त्याला मर्यादा वाढून काय उपयोग? शेठ म्हणाला होता २,५००. वही नसती तर तेच धरलं असतं आणि मायचा अंगठा निम्म्यात गेला असता.

मायला मी रक्कम सांगितली. ती बराच वेळ हाताकडं बघत राहिली. मग म्हणाली, "म्हंजी त्येंनी दिलं ते दान नव्हतं तर."

"नव्हतं."

"मग म्या त्येच्या पाया का पडले हुते रं?"

याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. ती पाया पडली तेव्हा मी तिथंच उभा होतो.

आता तो १९२३ चा कायदा गेला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला. नव्यानं अर्ज करणाऱ्यानं मुदत आणि कलमं तिथून वाचून घ्यावीत, आणि अपघात झाल्याबरोबर वाचावीत, आमच्यासारखी चौदा महिन्यांनी नाही. बाकी गोष्टी त्याच आहेत. दवाखान्यात पहिल्या कागदावर खरं काय ते लिहून घ्या. पावती फेकू नका. कोऱ्या किंवा टाइप केलेल्या कागदावर अंगठा देऊ नका, दिला असेल तर सगळं संपलं असं समजून घरी बसू नका. साक्ष देणाऱ्याचं घर कसं चालेल याची सोय साक्षीच्या आधी करा. आम्ही ती केली नाही.

जयंतीला आपण वर्गणी काढतो, मिरवणूक काढतो. काढलीच पाहिजे. यंदा आमच्या वस्तीत वर्गणीतून दोनशे पानी वह्या घेतल्या. शेडीवर, बांधकामावर, कचरा गाडीवर जाणाऱ्या प्रत्येक घरात एक. रात्री घरातलं शिकणारं पोर तारीख घालून रेघ मारतं. पहिल्या आठवड्यात पोरं कंटाळली. मावशी दर रविवारी विहारात वह्या तपासते. तिला वाचता येत नाही. ती रेघा मोजते.

जयभीम.