अळंबी, पेन्सिल आणि लातूर पॅटर्न

बीअट्रिक्स पॉटर आपल्याला माहितीय ती 'पीटर रॅबिट'मुळे. ते पुस्तक १९०२ चं. पण त्याआधी कित्येक वर्षं ही बाई अळंबीची चित्रं काढत होती. पहिल्या पावसानंतर उकिरड्यावर उगवते आणि कुत्र्याची छत्री म्हणून आपण जिला लाथाडतो, तसल्या छत्र्यांची.

तिला वाट दाखवली ती स्कॉटलंडमधल्या चार्ल्स मॅकिंटॉश या पोस्टमननं. नुसतं सुंदर चित्र नको, छत्री उभी कापून आतलं दाखवा, खालच्या पट्ट्या दाखवा, असं त्यानं सुचवलं. तो टपालानं नमुने पाठवायचा, ती चित्रं पाठवायची. पुढं तिनं बीजाणू रुजवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. १ एप्रिल १८९७ ला तिचा निबंध लंडनच्या लिनियन सोसायटीत मांडला गेला, पण दुसऱ्याच्या हातून. बायकांना तिथं प्रवेशच नव्हता. निबंध छापला गेला नाही. त्या सोसायटीचं सदस्यत्व बायकांना मिळालं १९०४ साली.

हसू नका. १९३३ साली आपल्या कमला भागवतांना, म्हणजे पुढच्या कमला सोहोनींना, बंगळूरच्या विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून आधी नाकारलं, मग अटी घालून घेतलं.

मी लातुरात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. आज माझा अर्धा वर्ग मुलींचा आहे. किनवट, मुखेड, उदगीरकडून आलेल्या. शेतमजुराची पोरगी डॉक्टर होतीय, त्यात लातूर पॅटर्नचा वाटा आहे, हे मी मोकळ्या मनानं मान्य करते. पण 'नीट'च्या १८० प्रश्नांपैकी ९० जीवशास्त्राचे, आणि सगळे गोल काळे करण्याचे. पेन्सिलीचं काम संपलं.

गेल्या पावसाळ्यात मैदानातली एक छत्री अलगद उपटून टेबलावर ठेवली. लगेच मोबाईल निघाले, फोटो झाले. म्हटलं, आता काढा. पाच मिनिटांत प्रश्न सुरू. मॅडम, या पट्ट्या दांड्याला चिकटल्यात की सुट्या? दांड्यावर हे कडं कशाचं? बुडाशी वाटीसारखं काय आहे? पुस्तकातली अगॅरिकसची आकृती सगळ्यांना पाठ होती. फोटो काढतानाही यातला एक प्रश्न कुणाला पडला नव्हता.

बारावीला जीवशास्त्राच्या प्रात्यक्षिकाला ३० गुण असतात. त्यातलं किती स्वतः बघून काढलं आणि किती तयार जर्नलमधून उतरवलं, हे आज घरी लेकराला विचारा. रागावू नका, फक्त विचारा.

माझी मागणी छोटी आहे. नांदेड-लातूरच्या प्रत्येक ज्युनियर कॉलेजात पावसाळ्यात महिन्याला एक तास खरा नमुना आणि कोरा कागद. त्यानं रँक घसरणार नाही. ही पोरं उद्या पेशंटसमोर बसणार आहेत, आणि पेशंटच्या अंगावर चार पर्याय छापलेले नसतात.